हौशी रेडिओ क्लब आणि स्वयंसेवी संपर्कसेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला, किंवा एखाद्या मॅरेथॉनमध्ये पिवळी जॅकेटं घातलेली आमची माणसं लोकांना दिसली, की पुढचे आठ-दहा दिवस तेच ते प्रश्न येत राहतात. उत्तरं देणारे आम्ही तिघं आणि उत्तरं मात्र चार, असं व्हायला लागलं, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. क्लब पुणे-सातारा पट्ट्यातला आहे. त्यामुळे उदाहरणं घाटांची आणि कृष्णाकाठची.

हॅम म्हणजे नक्की कोण? वॉकीटॉकीवर गप्पा मारणारी मंडळी?

गप्पा मारतो, नाकारत नाही. पण हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, घेऊन रेडिओ लहरींवर प्रयोग करणारा हौशी माणूस. पोलिसांना किंवा टॅक्सी कंपनीला एक ठरावीक फ्रिक्वेन्सी मिळते, त्यापलीकडे त्यांना जाता येत नाही. हॅमला मात्र शॉर्टवेव्हपासून मायक्रोवेव्हपर्यंत वेगवेगळे पट्टे मोकळे असतात आणि स्वतः बनवलेल्या यंत्रावरून बोलायची मुभा असते. अट एकच: यातून पैसा कमवायचा नाही.

भारतातली कॉलसाइन बहुतेक व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. राजीव गांधी हॅम होते, त्यांचं कॉलसाइन होतं व्हीयू२आरजी. नव्या माणसाला हे सांगितलं की तो जरा सरसावून बसतो, म्हणून आम्हीही सांगतो.

खिशात मोबाइल असताना हे कशाला?

रोजच्या दिवशी नाहीच लागत. आमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि क्लबाची बैठक व्हॉट्सॲपवरच ठरते.

मोबाइलचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या हातातला फोन थेट समोरच्याशी बोलत नाही. मध्ये टॉवर, टॉवरमागे केबल, केबलमागे एक्स्चेंज आणि या सगळ्यामागे वीज. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या संध्याकाळी मुंबईत फोन हातात असूनही घरी निरोप देता येत नव्हता, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुसरं असं, की टॉवर शाबूत असला तरी सगळं गाव एकाच वेळी फोन उचलतं आणि मग कुणालाच लागत नाही. रेडिओचे दोन सेट आणि दोन बॅटऱ्या असल्या की मध्ये कुणाची गरज नाही.

आणखी एक फरक आहे, तो कामाच्या वेळीच कळतो. फोनवर एकाशी बोलता येतं. रेडिओवर एक बोलतो आणि वीस जण ऐकतात. शर्यतीत चौथ्या पाणपोईवर पाणी संपल्याचं पाचवीला आणि रुग्णवाहिकेला वेगळं सांगावं लागत नाही.

क्लबात आठवडाभर करता तरी काय?

दर रविवारी सकाळी नेट असते. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हजेरी. एक जण नेट कंट्रोल होतो, बाकीचे आपापलं कॉलसाइन सांगून आत येतात. ऐकणाऱ्याला हा प्रकार शाळेच्या हजेरीसारखा रटाळ वाटतो. खरं म्हणजे तो रटाळच असतो. पण कुणाचा आवाज आज घोगरा येतोय, कुणाची बॅटरी उतरलीय, कुणाच्या अँटेनाच्या जोडणीत पाणी शिरलंय, हे या हजेरीतच कळतं, आणि ते पूर येण्याआधी कळलेलं बरं.

महिन्यातून एकदा अँटेना बांधायचा दिवस. त्यात सगळ्यांत जास्त रमतो ते आम्ही, शिकायला आलेली मुलं दुसऱ्या नंबरवर. वर्षातून दोनदा फॉक्स हंट: कुणीतरी टेकडीवर छोटा ट्रान्समीटर लपवतो आणि बाकीचे हातातली दिशादर्शक अँटेना फिरवत तो शोधतात. एकदा तो 'कोल्हा' एका म्हशीच्या गोठ्यात निघाला होता आणि म्हशीच्या मालकाने आम्हाला बरंच काही ऐकवलं.

फील्ड डेला उघड्या माळावर तंबू ठोकून, महावितरणची वीज न वापरता चोवीस तास स्टेशन चालवतो. १८ एप्रिल हा जागतिक हौशी रेडिओ दिवस. १९२५ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना स्थापन झाली, त्याची आठवण. ऑक्टोबरात स्काउट-गाइडची मुलं हवेतल्या जांबोरीला, म्हणजे रेडिओवरून भरणाऱ्या त्यांच्या मेळाव्याला, येतात, त्या दिवशी माइक आमच्या हाती लागत नाही.

परवाना कसा मिळतो?

वय बारा पूर्ण हवं. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन कक्ष घेतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड घेतलीत तर कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतं, जनरलला व्हीयू२. दोन्हींत रेडिओचं तंत्र आणि नियम अशा दोन भागांत पेपर असतो. जनरलला शिवाय मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने. परवान्याचं शुल्क वीस वर्षांसाठी १,००० रुपये आणि आजीवन २,००० रुपये आहे.

दहावीचं विज्ञान ज्याला बऱ्यापैकी आठवतं त्याला रिस्ट्रिक्टेड अवघड नाही. ओहमचा नियम, रेझोनन्स, मॉड्युलेशन, ट्रान्झिस्टर, आणि क्यू कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप) पाठ. वाणिज्य शाखेच्या आणि निवृत्त बँकवाल्यांनीही पहिल्या फटक्यात काढलीय. नापास होतात ते बहुतेक नियमांच्या भागात, कारण तो कुणी वाचतच नाही. निकालानंतर परवाना हातात पडेपर्यंत मात्र धीर धरावा लागतो. तोपर्यंत ऐकत राहा. ऐकणं हे या छंदाचं निम्मं अंग आहे आणि नव्यांना तेच सगळ्यांत जड जातं.

ऑनलाइन मिळतो तो स्वस्त वॉकीटॉकी घेतला तर चालेल का?

परवाना नसताना, नाही.

ट्रेकर मंडळी हे फार विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना वापरता येतात, २०१८ पासून. ट्रेकमधल्या पुढच्या-मागच्या माणसाला ते पुरतात. पण बाजारात बरेच सेट असे येतात, की ज्यांवर कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकून बोलता येतं. त्यात पोलीस, विमानतळ, रेल्वे सगळं आलं. असा सेट परवान्याविना वापरणं हा गुन्हा आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्सवरच्या अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या. 'सगळे विकतात म्हणजे चालत असेल' हा हिशोब करू नका.

आधी परवाना, मग सेट. क्रम उलटा केलेली दोन माणसं आमच्याकडे आली होती. एकाने सेट कपाटात ठेवून परीक्षा दिली आणि आज तो आमचा उत्तम ऑपरेटर आहे. दुसरा पुन्हा दिसला नाही.

किती लांबपर्यंत बोलता येतं?

हा प्रश्न 'गाडी किती लांब जाते' सारखा आहे. कुठली गाडी आणि कुठला रस्ता, त्यावर.

हातातला पाच वॅटचा सेट दोन मीटर पट्ट्यात, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर तुमचं रेडिओचं क्षितिज. सपाट माळावर उभ्या दोन माणसांचं मिळून जेमतेम दहा किलोमीटर भरतं, आणि मध्ये इमारती आल्या की दोन-तीनच. तोच माणूस पायथ्यापासून सातशे मीटर उंच गडावर चढला की त्याचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. शिवाजी महाराजांच्या गडांची जागा रेडिओवाल्याने निवडल्यासारखी वाटते ती यामुळे. रिपीटर डोंगरावर बसवतात तेही यासाठीच: तो खालून आलेला दुबळा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर घेतो आणि सहाशे किलोहर्ट्झ बाजूला जोरात परत सोडतो.

सह्याद्री मात्र जेवढं देतो तेवढंच काढूनही घेतो. कड्याच्या ऐन पायथ्याला वरचा रिपीटर ऐकू येत नाही. कोयनेच्या खोऱ्यात, वरंध्याच्या वळणांवर, मुळशीच्या मागच्या गावांत सेट नुसता खरखरतो. तिथे कामाला येतो चाळीस मीटर पट्टा, सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा. यात एक गंमत आहे. एरवी अँटेना जितकी उंच तितकी चांगली. पण इथे तार मुद्दाम तीन-चार मीटरवरच बांधायची. मग लहरी जवळजवळ सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनांबरावर, आपटून छत्रीसारख्या खाली उतरतात आणि डोंगर मध्ये येतच नाही. दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात, दरीतल्या माणसालाही, बोलता येतं. रात्री तोच पट्टा जवळच्यांना सोडून दूर देशीचे आवाज आणू लागतो.

याला खर्च फार येतो का?

हौसेला मोल नसतं, पण सुरुवात महाग नाही. सेट विकत घ्यावा लागतो, अँटेना घरी बनते. चाळीस मीटरच्या डायपोलसाठी, म्हणजे दोन हातांच्या तारेच्या अँटेनासाठी, १४३ ला मेगाहर्ट्झने भागा: ७.१ साठी साधारण २०.१ मीटर तार लागते, मधोमध कापून दोन हात. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी वायर, पीव्हीसी पाइपचा तुकडा मधला इन्सुलेटर म्हणून, टोकांना नायलॉनची दोरी. तार आधी वीतभर जास्त ठेवा, मग मोजत मोजत कापा. कापलेली तार जोडायला लागली की लोक हसतात.

दोन मीटरची उभी अँटेना तर त्याहून सोपी, हात सुमारे एकोणपन्नास सेंटिमीटरचा. आमच्या एका सभासदाने सायकलच्या तारा वापरून केलीय. दिसते भंगारासारखी, चालते झकास.

मॅरेथॉन, सायकल शर्यत, वारी अशा ठिकाणी तुमची माणसं नक्की काय करतात?

घाटातल्या शर्यतीचं उदाहरण घेऊ. पहाटे साडेतीनला माणसं निघतात. प्रत्येक पाणपोईवर एक ऑपरेटर, प्रत्येक रुग्णवाहिकेत एक, शेवटच्या धावपटूच्या मागे मोटरसायकलवर एक, शर्यतीच्या संचालकाच्या सावलीसारखा एक आणि तळावर नेट कंट्रोल. नेट कंट्रोलसमोर सेट, वही, दोन पेन्सिली आणि रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा. हाताने काढलेला अशासाठी, की त्यावर किलोमीटरचे दगड, वळणांची स्थानिक नावं आणि 'इथे सेट लागत नाही' असे काळे पट्टे मारलेले असतात. ते कुठल्याही ॲपमध्ये नसतात. आदल्या रविवारी कुणीतरी गाडी घेऊन दर पाचशे मीटरला थांबून 'आता ऐकू येतंय का' विचारत तो नकाशा भरलेला असतो.

मग सुरू होतं कंटाळवाणं काम. 'पाणपोई तीनवर ओआरएसची पाकिटं संपत आली.' 'बिब क्रमांक अमुक, गुडघा, थांबलाय, शुद्धीवर आहे, गाडी पाठवा, घाई नाही.' 'शेवटचा धावपटू पाणपोई दोन सोडून पुढे गेला.' दिवसभरात पाच-सहाशे निरोप होतात आणि त्यातला एखादाच नाट्यमय असतो. तो एक नीट पोचावा म्हणून बाकीचे सगळे.

फजितीही होते. एका शर्यतीत मी जीपमध्ये माइक मांडीखाली ठेवून बसलो आणि त्याचं बटण दाबलं गेलं. अकरा मिनिटं सगळ्या नेटला माझं आणि ड्रायव्हरदादांचं मिसळीवरचं बोलणं ऐकावं लागलं, आणि त्या वेळात दुसरं कुणीच बोलू शकलं नाही. शेवटी मोटरसायकलवाला जीप गाठून काचेवर टकटक करून गेला. तेव्हापासून माइकला हुक सक्तीचा आहे, आणि त्या हुकाला क्लबात माझं नाव आहे.

वारीत किंवा यात्रेत काम वेगळं पडतं. तिथे हरवलेली माणसं मुख्य. बंगालमध्ये गंगासागर मेळ्यात वेस्ट बंगाल रेडिओ क्लब दरवर्षी हरवलेल्यांना घरच्यांशी जोडून देतो. कुठल्या राज्यातलं, कुठल्या गावचं, बोली कुठली, एवढ्या धाग्यावरून देशभरातल्या हॅमना विचारत ते घर शोधून काढतात. रेडिओचा भाग त्यात थोडा, ओळखीपाळखीचा जास्त. २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाच्या गर्दीतही हाच धडा उपयोगी पडेल.

निरोप द्यायची पद्धत एवढी कडक कशाला? सरळ मराठीत बोला की.

मराठीतच बोलतो. कडक पद्धत मराठीमुळेच लागते.

एका सरावात पुरवठ्याचा निरोप दिला: 'एकोणपन्नास पाकिटं पाठवली.' पलीकडे वहीत उतरलं: 'एकूण पन्नास पाकिटं.' पाकिटं मोजली तर एक कमी. अर्धा तास आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत होतो, एकाने तर खाल्ल्याचा खोटा कबुलीजबाबही दिला, विषय संपवायला. खरखरीत 'एकोण' आणि 'एकूण' यांत फरक कळत नाही. सात आणि साठ, सदतीस आणि सदुसष्ट, तीच कथा. म्हणून नियम असा, की संख्या आधी पूर्ण सांगायची आणि मग एकेक अंकाने: 'एकोणपन्नास, अंक चार, नऊ.' समोरच्याने तो परत वाचून दाखवायचा. वाचून दाखवला नाही, तर निरोप पोचला असं धरायचं नाही.

गावांची नावं त्याहून फसवी. शिरोळ आणि शिराळा. एक कोल्हापूर जिल्ह्यात, दुसरं सांगली जिल्ह्यात, मध्ये पन्नास किलोमीटरहून जास्त अंतर, आणि पुराच्या वेळी दोन्हींकडे बोटी लागू शकतात. वडगाव किती आहेत ते मोजत बसू नका: मावळातलं, शेरी, बुद्रुक, पेठ. म्हणून गाव कधी एकटं बोलायचं नाही. गाव, तालुका, जिल्हा. माणसाचं नाव इंग्रजी अक्षरांत फोडून सांगावं लागलं तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही ठरलेली यादीच वापरायची. 'अ अननसाचा' म्हटलं की कुणीतरी 'अ अमितचा' म्हणतो आणि दोघांचा वेळ जातो.

निरोपाला क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला आणि प्राधान्य. प्राधान्याच्या चार पायऱ्या: जीव धोक्यात, तातडीचं, खुशाली, नेहमीचं. मजकूर पंचवीस शब्दांच्या आत. आणि ऑपरेटरने निरोपात स्वतःची भर घालायची नाही. डॉक्टरने 'श्वास घ्यायला त्रास' लिहून दिलं असेल तर तुम्ही 'बहुतेक हार्ट ॲटॅक' म्हणायचं नाही, तुम्हाला कितीही वाटलं तरी.

नवा माणूस आला की त्याच्या सेटपेक्षा आम्ही त्याची वही आधी बघतो.

पूर आला, दरड कोसळली, तर तुम्ही आपणहून धावता का?

नाही, आणि हे उत्तर पुष्कळांना आवडत नाही.

आपत्तीच्या जागी न बोलावता पोचलेला स्वयंसेवक म्हणजे जेवायला, झोपायला आणि शोधायला आणखी एक माणूस. आम्ही जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या यादीत आहोत. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षातून बोलावणं आलं की जातो आणि तिथला अधिकारी सांगेल तिथे बसतो. बहुतेक वेळा ती जागा पुरात नसते, नियंत्रण कक्षाच्या जिन्याखाली असते. तळेगावजवळच्या एनडीआरएफच्या तुकडीकडे स्वतःची यंत्रणा असते, पोलिसांकडेही असते. आमचं काम त्यांच्या मधल्या फटीत: एक तहसील कार्यालय, एक निवारा असलेली शाळा, एक ग्रामीण रुग्णालय, ज्यांना एकमेकांशी बोलायची सोय उरलेली नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आमची यादी बदलली. आता सेटपेक्षा बॅटरीचा हिशोब आधी होतो. पन्नास वॅटवर बोलताना सेट दहा अँपिअरच्या आसपास खेचतो. यूपीएसमधली सात अँपिअर-तासाची बॅटरी त्यावर सलग अर्धा तास टिकली तरी नशीब. तोच सेट पाच वॅटवर ठेवला आणि बोलणं आखडतं घेतलं, तर दिवस निघतो. म्हणून 'कमी ताकद, कमी शब्द' हे आमच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगवलंय. पेटीत शिवाय छत्री, मेणकापड, ओडोमॉस, सुके खजूर आणि भरपूर पेन्सिली. बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही.

तुम्ही स्वतः संकटात असाल तर आम्हाला शोधत बसू नका. ११२ लावा, किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

आजवर याचा खरंच उपयोग झालाय, की नुसती कवायत?

झालाय. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर गुजरातेतल्या हॅमनी कच्छमध्ये स्टेशनं लावली. सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती अंदमानची हकिकत. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा चमू पोर्ट ब्लेअरला गेला होता, तोही निव्वळ हौसेने. अंदमानातून वर्षानुवर्षं हौशी स्टेशन चाललेलं नव्हतं आणि जगभरच्या हॅमना त्या बेटांशी एकदा तरी बोलायचं होतं. २६ डिसेंबरला सकाळी जमीन हलली, त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. अँटेना उभ्याच होत्या, बॅटऱ्या भरलेल्या होत्या, ऑपरेटर जागेवर होते. छंदाचं स्टेशन तिथल्या तिथे खुशालीच्या निरोपांचं स्टेशन झालं.

जुनी गोष्ट हवी असेल तर मुंबईची आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचं यंत्र जमवायला रेडिओचे जाणकारच लागले. पकडलं जाऊ नये म्हणून जागा बदलत बदलत ते नोव्हेंबरपर्यंत चाललं. परवान्याच्या बाबतीत मात्र आम्ही त्यांचं अनुकरण करत नाही.

अवकाशातल्या माणसांशी बोलता येतं म्हणे?

येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हौशी रेडिओ आहे, १४५.८०० मेगाहर्ट्झवर तो खाली बोलतो. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला तिथे असताना हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. स्थानक डोक्यावरून जायला दहा मिनिटांच्या आत वेळ लागतो, तेवढ्यात काय ते उरका.

आपले स्वतःचे उपग्रहही होते. इस्रोचा हॅमसॅट ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ सोबत गेला आणि २०१४ पर्यंत चालला, त्यावरून किती जणांनी पहिलं उपग्रही संभाषण केलं असेल! पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी बनवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ ला उडाला, त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा 'प्रथम'. दोन्ही हॅम पट्ट्यांतले संकेत सोडणारे. आपल्या गच्चीवरच्या सायकलच्या तारेत पुण्यातल्या पोरांनी बनवलेल्या डब्याचा आवाज पकडायचा, याची मजा सांगून कळायची नाही.

सोसायटी अँटेना लावू देत नाही. काय करू?

आधी 'टॉवर' हा शब्द उच्चारू नका. लोकांच्या डोळ्यांसमोर मोबाइल टॉवर येतो आणि सभा तिथेच संपते. तार दाखवा. कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक असते ती. सेक्रेटरींना घरी बोलवा, चहा द्या, कानाला हेडफोन लावून ऐकवा. कुणाच्या टीव्हीत खरखर आली तर ती आपलीच जबाबदारी मानून तपासा. बहुतेक वेळा दोष त्यांच्याच एलईडी दिव्याच्या स्वस्त ड्रायव्हरचा निघतो, पण हे हळू आवाजात सांगायचं. तरी नाही जमलं तर टेकडी आहे, बॅकपॅक आहे.

हवेत काय बोलायचं नाही?

धंदा, गाणी, दुसऱ्यांना कळू नये अशी गुप्त भाषा, शिवीगाळ आणि राजकारण. मॅरेथॉनमध्येही आयोजकांच्या टी-शर्टच्या विक्रीचे निरोप आम्ही घेत नाही. आणि खासगी काही नसतं, हे कायम लक्षात ठेवा. जखमी माणसाचं पूर्ण नाव हवेत घेत नाही, क्रमांक सांगतो.

बायका-मुली, वयस्कर मंडळी यांना जमेल?

आमच्या सगळ्यांत चांगल्या नेट कंट्रोल एक निवृत्त शिक्षिका आहेत. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंना वीस ऑपरेटर काय जड! हॅमच्या भाषेत स्त्री ऑपरेटर म्हणजे 'वायएल', यंग लेडी, वय कितीही असो. बाई सत्तरीच्या आहेत आणि हे ऐकून दर वेळी खूश होतात. पुरुष मात्र बारा वर्षांचा असला तरी 'ओएम', ओल्ड मॅन. दृष्टी नसलेले हॅमही आहेत, आणि त्यांचे कान आमच्यापेक्षा कितीतरी तयार असतात.

पैसे घेता का?

सेवेचे नाही. आयोजकांनी नाश्ता आणि पेट्रोल दिलं तर घेतो. उपम्यात शेंगदाणे असतील तर पुढच्या वर्षी लवकर होकार देतो.

माझ्याकडे परवाना नाही. मी येऊन काय करू?

लिहायला या. नेट कंट्रोल बोलत असताना शेजारी बसून वही लिहिणारा माणूस आम्हाला नेहमी कमी पडतो. वेळ, कुणाकडून, कुणाला, काय, पोच मिळाली का. माइकला हात लावायचा नाही, बाकी सगळं ऐकायचं. दोन शर्यती असं बसलात की कुठला निरोप महत्त्वाचा आणि कुणाचा आवाज घाबरलाय, ते न सांगता कळू लागतं. येताना पेन्सिल आपली आणा, आमच्या नेहमी हरवतात. रविवारी सकाळी सातला, पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी.